डीप फ्रीजर घेतला अन् एप्रिलचं बिल २३५० च्या वर, खरंच फ्रीजर एवढी लाईट खातो का?

सोलेवाली | ५ मे २०२४, रात्री ९:४०

नमस्कार सगळ्यांना. मी यवतमाळ जिल्ह्यातली, आर्णी तालुक्यात आमचं गाव. मागच्या डिसेंबरात आम्ही २०० लिटरचा डीप फ्रीजर घेतला, वरून उघडायचा, लोखंडी झाकणाचा. घेतला तो तुरीच्या सोल्यांसाठी, म्हणजे हिरव्या तुरीच्या ओल्या दाण्यांसाठी. आमच्या वावरात कपाशीच्या पट्ट्यात तूर असते, डिसेंबर-जानेवारीत हिरव्या शेंगा येतात तेव्हा घरोघरी सोलेच सोले, कोणी विकत घेत नाही, आणि एप्रिल-मे लागला की पाहुणे आले, सोलेभात करायचा म्हणून लोक शोधत फिरतात अन् कुठंच मिळत नाही. म्हणून बचत गटाच्या तीन बाया मिळून शेंगा सोलल्या, दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून लगेच थंड पाण्यात काढले, कापडावर कोरडे केले आणि अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या भरल्या. साठेक किलो भरले होते, आता वीसेक किलो राहिले.

आता मुद्दा. फ्रीजर यायच्या आधी हिवाळ्यात आमचं ६५-७० युनिट जायचं. जानेवारीला ९६ आले, फेब्रुवारीला १०२, मार्चला १२८ आणि काल एप्रिलचं बिल आलं ते २१४ युनिट, साडेतेवीसशेच्या वर. घरात काल संध्याकाळपासून एकच विषय आहे. सासूबाई म्हणतात, "थो डब्बा इकून टाक, सोल्याचे पैसे लाईनमंधीच चालले." दुकानदार घेताना म्हणाला होता की एका बल्बाएवढी लाईट लागते ताई, काही वाटणार नाही. मला खरंच कळत नाहीये की फ्रीजर किती खातो. मालकांनी काही म्हटलं नाही पण बिल घडी करून खिशात ठेवलं तेव्हा मला बरं वाटलं नाही. ज्यांच्या घरी आहे त्यांनी खरे आकडे सांगा.

झाडीपट्टी_मासोळी | ५ मे २०२४, रात्री १०:१५

ताई, मी भंडारा जिल्ह्यातला, तलावाची मासोळी विकतो. माझ्याकडे दोन आहेत जी. एक तुमच्यासारखा लोखंडी झाकणाचा आणि एक काचेच्या झाकणाचा, गिऱ्हाइकाला मासोळी दिसावी म्हणून घेतलेला. काचेचा लय खातो, उन्हाळ्यात लोखंडीवाल्यापेक्षा बराच जास्त, कारण काचेतून गरमी सरळ आत जाते. तुम्ही लोखंडी झाकणाचा घेतला हे चांगलं केलं. पण दिवसाला नेमका किती ते मी कधी मोजलं नाही, दुकानाचं मीटर एकच आहे.

वायरमन_दादा | ५ मे २०२४, रात्री १०:५०

ताई, पयले घाबरू नका. वीस वर्षं झाले हे काम करतो, उन्हाळ्यात बिल वाढलं की घरात जी नवी वस्तू आली असते तिच्यावरच आळ येतो.

मले तीन गोष्टी सांगा. पयली, मागच्या वर्षी एप्रिलमधी किती युनिट होते? बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे आकडे छापले असतात, त्यात पाहा, शेजारच्याचं नको, तुमचंच. दुसरी, कूलर किती वाजता लावता अन् किती वाजता बंद करता? तिसरी, फ्रीजर ठेवला कुठं हाय, टिनाखाली का स्लॅबखाली?

अन् एक बल्बाएवढी लाईट लागते हे काही खरं नाही. २०० लिटरच्या फ्रीजरचा कॉम्प्रेसर चालू असला की सव्वाशे-दीडशे वॅट ओढतो. पण तो चोवीस तास चालत नाही. आत गारवा झाला की बंद पडतो, गरमी आत शिरली की पुन्हा लागतो. हिवाळ्यात तासातले वीस मिनिटं चालंल, आपल्या मे महिन्यात तासातले तीस-पस्तीसही चालू शकतो. म्हणून फ्रीजरच्या मागच्या पट्टीवरचे वॅट पाहून हिशेब करता येत नाही, मोजावं लागते.

सोलेवाली | ६ मे २०२४, सकाळी ७:२०

दादा, तुम्ही सांगितलं तसं बिल काढून पाहिलं. मागच्या एप्रिलला १५३ युनिट होते! तेव्हा तर फ्रीजर नव्हता. बिल तेव्हा साडेचौदाशेच्या जवळ आलं होतं हे मालकांना आठवते. कूलर दुपारी बारापासून चार-साडेचारपर्यंत आणि रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत असतो, मुलं लहान आहेत, त्याशिवाय झोप येत नाही. फ्रीजर सपरीत (ओसरीत) आहे, वर टिन आहे, दुपारच्याला ऊन भिंतीवर येतं.

निवृत्त_मास्तर | ६ मे २०२४, सकाळी ९:०५

सोलेवाली ताई, मी वर्धा जिल्ह्यातला, शाळेत विज्ञान-गणित शिकवायचो. तुमचे आकडे बघून वहीत हिशेब मांडला तो इथे देतो.

मागच्या एप्रिलला १५३, या एप्रिलला २१४. बाकी घर तसंच आहे असं धरलं तर फ्रीजरचे ६१ युनिट, म्हणजे दिवसाला साधारण दोन. बाकीचे १५३ तुमच्या घराचे, कूलरचे आणि पंख्यांचे. कूलर १८० वॅटचा धरला आणि १४ तास चालला तर दिवसाला अडीच युनिट होतात, महिन्याचे ७५. म्हणजे कूलर तुमच्या फ्रीजरपेक्षा जास्त खातो, पण तो दरवर्षी येतो म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आता पैसे. आपल्याकडे महावितरणचा घरगुती दर टप्प्याने असतो, १०० पर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. या एप्रिलपासून (२०२४-२५ चे दर) पहिल्या टप्प्याचा वीज आकार युनिटला ४ रुपये ७१ पैसे आणि दुसऱ्याचा १० रुपये २९ पैसे. त्यावर प्रत्येक युनिटला वहन आकार, म्हणजे तारांतून वीज पोचवायचा आकार, १ रुपया १७ पैसे, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिल्या टप्प्यातलं एक युनिट हातात ६ रुपये ८२ पैशांना पडतं आणि दुसऱ्यातलं १३ रुपये २९ पैशांना. इंधन समायोजनाचं काही असेल तर ते वेगळं.

लोकांचा एक गैरसमज मी नेहमी ऐकतो की १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तसं नाही. पहिले १०० जुन्याच दराने राहतात, वरचेच महाग होतात. पण तुमच्या फ्रीजरचे ६१ युनिट हे १५३ च्या वर जाऊन बसले, म्हणजे सगळेच्या सगळे महागड्या टप्प्यात. ६१ गुणिले १३.२९, झाले ८११ रुपये. जानेवारीत तेच तीसेक युनिट १०० च्या आत होते, तेव्हा जुन्या दराने दोनशेच्याही आत पडले असतील.

आणखी एक. या वर्षी दरच वाढलेत. मागच्या वर्षीचे तेच १५३ युनिट आजच्या दराने १५३५ च्या आसपास गेले असते, दरमहा लागणारा स्थिर आकार ११६ चा १२८ झाला तो धरून. म्हणजे जी ९०० रुपयांची वाढ दिसते तिच्यातले नव्वदेक रुपये फ्रीजर नसता तरी वाढले असते.

कपाशी_१२ | ६ मे २०२४, दुपारी १:३०

मास्तर, पण महाग टप्प्याचे युनिट फ्रीजरच्याच डोक्यावर का टाकायचे? कूलर पण तर १०० च्या वरच जातो ना. अर्धे कूलरच्या नावावर टाका, मग फ्रीजर एवढा महाग दिसणार नाही.

निवृत्त_मास्तर | ६ मे २०२४, दुपारी २:१०

बरोबर विचारलं. वाटणी कशीही करता येते, घराचं बिल तेच राहतं. मी असा विचार केला की आज फ्रीजर बंद केला तर बिल कितीने उतरेल? ८११ ने. ताईंना ठरवायचं आहे की ठेवायचा की विकायचा, त्यासाठी हाच आकडा कामाचा. कूलरचा प्रश्न आला तर त्यालाही हाच नियम लावू.

रातराणी | ६ मे २०२४, रात्री ८:००

आम्ही तर रात्री फ्रीजर बंदच करतो, सकाळी लावतो. त्यानं वाचते की नाही?

वायरमन_दादा | ६ मे २०२४, रात्री ९:२५

काही खास नाही वाचत ताई. रात्रभरात आतला गारवा कमी होतो, सकाळी तो पुन्हा भरून काढायला कॉम्प्रेसर लागोपाठ चालतो. उलट रात्री हवा थंड असते तेव्हाच तो कमी मेहनतीत काम करतो, तुम्ही तोच वेळ बंद ठेवता अन् दुपारच्या उन्हात जास्त चालवता. अन् माल अर्धवट सुटून पुन्हा गोठला तर सोले असो का मासोळी, लिबलिबीत होते. कोरडा माल असंल तर गोष्ट वेगळी, पण कोरड्या मालाले फ्रीजर कायले पाहिजे.

आता सोलेवाली ताई, मोजायची रीत सांगतो. तुमच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकत असंल, त्याच्याजवळ ३२०० असा आकडा लिहिला असंल, काहींवर १६०० असते. ३२०० म्हणजे तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. रात्री घरातले सगळे बटन बंद करा, फक्त फ्रीजर चालू ठेवा, कॉम्प्रेसर लागल्याचा आवाज आला की १० मिनिटं मोजा. जेवढे येतील त्याले ३२०० नं भागा, ६ नं गुणा, हजारानं गुणा, वॅट निघतील. मोबाईलचं चार्जर, टीव्हीचा लाल दिवा, सगळं काढा बरं, ते पण खातात.

सोलेवाली | ८ मे २०२४, रात्री ११:१०

मोजलं दादा. काल रात्री जेवणं झाल्यावर कूलर पण बंद केला, मुलं अंगणात खाटेवर. सासूबाई मीटरखाली खुर्ची घेऊन बसल्या, मी मोबाईलवर १० मिनिटं लावली. त्यांना मोठे आकडे चुकायची भीती वाटत होती म्हणून मांडीवर ताट घेतलं, विसापर्यंत मोजायचं आणि एक तुरीचा दाणा ताटात टाकायचा, पुन्हा एकपासून. अंधारात तो लाल ठिपका आणि दाणा पडल्याचा आवाज. १० मिनिटात तीन दाणे आणि वर सतरा, म्हणजे ७७. हिशेब केला, १४४ वॅट आले.

मग कॉम्प्रेसर बंद पडला तसा दिवा पण थांबला. सासूबाई म्हणाल्या, "मेला का मीटर?" मी म्हटलं नाही, आता काही खातच नाहीये. त्यांना ते पटेना, तशाच बसून राहिल्या. २७ मिनिटांनी पुन्हा लागला, १८ मिनिटं चालला, पुन्हा बंद. दोनदा पाहिलं, जवळपास तेवढंच.

म्हणजे ४५ मिनिटात १८ मिनिटं. असं दिवसभर धरलं तर १.४ युनिट येतात. पण मास्तरांनी बिलावरून दोन काढले. रात्रीचं आहे म्हणून कमी आलं का?

निवृत्त_मास्तर | ९ मे २०२४, सकाळी ८:४०

रात्रीमुळे थोडा फरक पडेल, पण एवढा पडू नये असं वाटतं. पूर्ण चोवीस तासांचं मोजता आलं तर बरं होईल. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी दाण्याने मोजलं ही पद्धत मी वर्गात शिकवायला हवी होती.

मेळघाट_वाट | ९ मे २०२४, दुपारी १२:१५

व्होल्टेज पण पाहून घ्या. आमच्या गावात संध्याकाळी १७० च्या खाली उतरते, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड जास्त आहे. तेवढ्या व्होल्टेजवर कॉम्प्रेसर उचलत नाही, नुसता घूं घूं करतो, गरम होतो, कट होतो, पुन्हा प्रयत्न करतो. आमचा पहिला फ्रीजर असाच गेला, दुसऱ्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जळाला. आता स्टॅबिलायझर लावला आहे, तो स्वतः थोडी लाईट खातो पण मशीन वाचते. तो घेताना कमीत कमी किती व्होल्टेजपासून काम करतो ते पाहून घ्या, काही १७० च्या खाली कामच करत नाहीत.

आणि लाईन गेली की झाकण उघडू नका. भरलेला फ्रीजर बंद झाकणात दीड-दोन दिवस तग धरतो म्हणतात, अर्धा भरलेला एक दिवस, पण आपल्या उन्हात त्याहून कमीच धरा. मी एक वाटी पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवतो. गावाहून आलो आणि नाणं वाटीच्या तळाशी दिसलं तर समजायचं की मधे सगळं सुटलं होतं, मग तो माल खायचा नाही, विकायचा तर नाहीच.

कपाशी_१२ | ९ मे २०२४, दुपारी ३:००

वावरातल्या मोटरच्या कनेक्शनवर ठेवला तर? तिथं तर दर कमी आहे, झोपडीत ठेवता येईल.

वायरमन_दादा | ९ मे २०२४, रात्री ९:१०

भाऊ, तसं करू नका. ते कनेक्शन शेतीच्या कामासाठी दिलं असते, दुसऱ्या कामाले वापरलं अन् सापडलं तर मोठं बिल लागते. अन् शेतीची लाईन आठ-दहा तास, तीही पाळीनं, कधी दिवसा कधी रात्री. फ्रीजर त्याच्यावर जगत नाही.

सोलेवाली | १४ मे २०२४, सकाळी १०:३०

उशीर झाला लिहायला. मामसासऱ्यांची तेरवी होती दारव्ह्याकडे, सगळेच गेलो होतो. जाताना मास्तरांचं आठवलं, घरातलं सगळं बंद केलं, फक्त फ्रीजर ठेवला, मीटरचा फोटो काढला, ६२१४.३. परत आलो तेव्हा दार उघडायच्या आधी पुन्हा फोटो काढला, ६२१५.९. बरोबर २६ तास झाले होते. म्हणजे १.६ युनिट, दिवसाचे दीडही नाही. आणि दुपारचं ऊन धरून! टिन तर तापलंच असेल, घरी कोणी नव्हतं तरी.

आता माझं डोकं चालेना. बिल म्हणते दोन, मीटर म्हणते दीड. रोजचं अर्धं युनिट जातं कुठं? मालक म्हणतात बिलात चूक आहे, पण रिडींग मी स्वतः पडताळलं, बरोबर आहे.

परसबाग | १४ मे २०२४, दुपारी १२:४५

ताई, तुम्ही घरी असता तेव्हा आणि नसता तेव्हा यात फरक काय, ते पाहा. झाकण किती वेळा उघडता? रोज नवीन काही टाकता का आत?

सोलेवाली | १४ मे २०२४, दुपारी १:२०

हो! पाण्याच्या बाटल्या! एप्रिल लागल्यापासून रोज रात्री पाच बाटल्या भरून टाकते, एक-एक लिटरच्या. सकाळी बर्फ होतो, मालक वावरात नेतात, निंदणाच्या बाया असतात, त्यांना पण देतात. तेरवीला गेलो त्या दिवशी टाकल्या नव्हत्या. आणि मीटर मोजलं त्या रात्री पण नव्हत्या, कारण त्याच्या दुसऱ्या दिवशी काम बंद होतं. पाण्याच्या पाच बाटल्यांना एवढं लागेल?

निवृत्त_मास्तर | १४ मे २०२४, सायंकाळी ६:५०

लागेल ताई, आणि आता सगळं जुळलं!

एक लिटर पाणी एक अंशाने थंड करायला एक किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. तुमच्या टाकीचं पाणी मे महिन्यात ३८ अंशाचं तरी असेल. ३८ चं शून्यावर आणायला ३८. पण शून्य अंशाचं पाणी शून्य अंशाचा बर्फ व्हायला आणखी ८० लागतात, खरी मेहनत तिथे आहे. मग उणे १८ पर्यंत न्यायला ९. एकूण १२७ एका बाटलीचे, पाच बाटल्यांचे ६३५. एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात, म्हणजे पाऊण युनिटाइतकी उष्णता झाली. फ्रीजर ती उचलून बाहेर फेकतो, आणि एक युनिट वीज घेऊन साधारण दीड युनिट उष्णता फेकतो असं या उन्हात धरू. म्हणून अर्धं युनिट वीज.

तुमचं हरवलेलं अर्धं युनिट तेच. सोले राखायला दीड, बर्फ करायला अर्धं. गोठलेली वस्तू गोठलेली ठेवणं स्वस्त आहे, गरम वस्तू गोठवणं महाग. महिन्याचे १५ युनिट, १३.२९ ने २०० रुपये.

रातराणी | १४ मे २०२४, रात्री ८:१५

मग माठातलं पाणी भरून टाकलं तर?

निवृत्त_मास्तर | १४ मे २०२४, रात्री ८:४०

भरा, पण फार अपेक्षा नको. माठातलं २६ अंशाचं धरलं तर १२७ चे ११५ होतात, दहावा हिस्साही वाचत नाही. ते ८० कुठे जात नाहीत.

सोलेवाली | १४ मे २०२४, रात्री ९:३०

मास्तर, खूप आभार. पण बाटल्या मी बंद करणार नाही. ४४ च्या उन्हात माणूस वावरात आहे, बाया आहेत, त्यांना थंड पाणी मिळालंच पाहिजे, त्याचे २०० रुपये मी हिशेबातच धरणार नाही.

झाडीपट्टी_मासोळी | १४ मे २०२४, रात्री १०:०५

ताई, बंद नका करू, पण पाचच्या दोन करा. आम्ही तलावावर जाताना १० लिटरचा कॅम्पर नेतो, त्यात दोन लिटर बर्फ आणि आठ लिटर माठाचं पाणी. दुपारपर्यंत मस्त गार राहते. बाटलीतला बर्फ तर नऊ वाजेपर्यंत वितळत नाही, प्यायलाच मिळत नाही, आणि दुपारी तीच बाटली गरम होते.

निवृत्त_मास्तर | १५ मे २०२४, सकाळी ७:३०

हे अगदी पटण्यासारखं आहे. एक किलो बर्फ वितळताना चार लिटर पाणी ३८ वरून १५ च्या आसपास आणतो. तेच ८० इथे आपल्या कामी येतात. पाच बाटल्यांत पाच लिटर मिळत होतं, दोनात दहा लिटर मिळेल.

परसबाग | १५ मे २०२४, सकाळी ११:००

एक सावध करते. आत बर्फाचा थर जमला असेल तर तो काढा, बोटाच्या पेरापेक्षा जाड झाला की गारवा मालापर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो आणि लाईट जाते. पण काढताना चाकू, पेचकस काहीही लावू नका. मी दोन वर्षांपूर्वी घाईत पेचकसानं टोकरला, भिंतीतली नळी फुटली, सूं करून सगळा गॅस निघून गेला. मेकॅनिक म्हणाला हे दुरुस्त करून काही उपयोग नाही. आतला सगळा माल मी शेजारीपाजारी वाटून टाकला त्या दिवशी. नवीन बऱ्याच फ्रीजरात आर-६००ए गॅस असतो, तो पेट घेणारा आहे, तेव्हा जवळ चूल होती हे आठवलं की अजून धस्स होतं. बंद करायचा, झाकण उघडं ठेवायचं, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवायचं, आपोआप सुटते.

आणि झाकणाचं रबर तपासा. दहाची नोट अर्धी आत ठेवून झाकण लावा, ओढून पाहा. सहज निघाली तर तिथून गारवा जातो. चारही बाजूंनी पाहायचं.

वायरमन_दादा | १५ मे २०२४, रात्री ९:५५

अन् फ्रीजर सपरीतून आत घ्या ताई, स्लॅबखाली किंवा कवेलूखाली (कौलाखाली), भिंतीपासून वीतभर सोडून. गरमी फेकायले जागा पाहिजे त्याले. वर गोधडी, पोते टाकू नका, नव्या फ्रीजरात बाजूच्या पत्र्यातूनच गरमी निघते, झाकली की कोंडते. अन् आतलं बटन कितीवर हाय?

सोलेवाली | १५ मे २०२४, रात्री १०:२०

७ वर. शेवटचा आकडा आहे. दुकानदारानं आणून लावला तेव्हापासून तिथंच.

वायरमन_दादा | १५ मे २०२४, रात्री १०:४५

मग तो उणे २५ च्या खाली जात असंल, फुकट. उणे १८ पुरते. थर्मामीटर आत ठेवून ४ वर करा, एक दिवस जाऊ द्या, पाहा.

तूरडाळ | १६ मे २०२४, सकाळी ९:१५

एक विचारायचं होतं. सोले विकता तर मीटर दुकानाचं करून घ्यावं लागते का? आमच्या इथं एकाला तसं सांगितलं, तेव्हापासून आमच्या गटातल्या बाया घाबरल्या आहेत.

वायरमन_दादा | १६ मे २०२४, रात्री ८:३०

घरातच राहून घरच्या एका भागात छोटा धंदा असंल अन् महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आत, वर्षाचा ३६०० च्या आत असंल तर घरगुतीच दर लागतो, तशी तरतूद दराच्या आदेशातच हाय. ३०० च्या वर गेले की मग विचार करा. तुमचे २१४ हायत ना सोलेवाली ताई, चिंता नाही. पण दुसरा फ्रीजर घ्याल तर उन्हाळ्यात ३०० जवळ येईल, तेवढं ध्यानात ठेवा.

मेळघाट_वाट | १६ मे २०२४, रात्री ९:००

दुसरा घ्यायचा असेल तर छतावरच्या सोलरचं पण पाहा. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ ला ७८ हजार अनुदान आहे. १ किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो, आणि सगळ्यात जास्त उन्हाळ्यात, जेव्हा कूलर अन् फ्रीजर दोन्ही ओढतात. टिनावर बसवायचं तर सांगाडा आधी तपासून घ्या, आमच्याकडे वादळात पॅनलसकट टिन गेल्याचं पाहिलं आहे.

सोलेवाली | २७ मे २०२४, दुपारी ३:१०

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला, लाईन आत्ताच आली, म्हणून लिहिते.

मागच्या आठवड्यात चार माणसांनी उचलून फ्रीजर मधल्या खोलीत आणला, वर कवेलू आहे, दुपारी पण तिथं हात लावला तर भिंत थंड लागते. बटन ४ वर केलं, थर्मामीटर उणे १९ दाखवते. बर्फाचा थर गरम पाण्याच्या पातेल्यानं सोडवला, परसबाग ताईंचं ऐकून कशानंही टोकरला नाही. रबर एका कोपऱ्यात नोट सोडत होतं, तिथं गरम कापड दाबून धरलं तर बसलं. भावानं नागपूरहून प्लगमध्ये लावायचं मीटर आणलं, ते फ्रीजरला लावून ठेवलं आहे. दोन बाटल्या बर्फ रोज टाकते, कॅम्पर घेतला. तीन दिवसांत ४.१ युनिट. म्हणजे दिवसाचे १.३७, तेही या उन्हात. महिन्याचे ४१ होतील, ६१ च्या जागी. मास्तरांच्या दरानं अडीचशेच्या वर वाचतात.

आणि मी सोल्यांचा हिशेब पण मांडला. जानेवारी ते एप्रिल फ्रीजरच्या लाईटचे सगळे मिळून सोळाशे-सतराशे झाले, बर्फ धरून. साठ किलोवर वाटले तर किलोला २८ रुपये. विकते २०० ला. हे आधी माहीत असतं तर त्या रात्री एवढी रडले नसते. पण एक दिसलं की त्यातले अर्धे पैसे एकट्या एप्रिलचे आहेत, म्हणून पुढच्या वर्षी जास्तीचा माल अखजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी काढायचा आणि जून लागला की फ्रीजर धुऊन, पुसून, झाकण उघडं ठेवून बंद करायचा, असं आम्ही तिघींनी ठरवलं आहे. मार्चमध्ये पाहुणे कमी असतात पण खानावळवाले घेतील, एकाशी बोलणं झालं.

सासूबाई रोज सकाळी त्या छोट्या मीटरचा आकडा वाचतात आणि कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहितात. काल १.३, आज १.५. आज का वाढला म्हणून मला विचारलं, तर काल मुलांनी आंब्याचा रस भरून सहा डबे टाकले होते.

रातराणी | २७ मे २०२४, सायंकाळी ५:४५

ताई, मी दिग्रसची. सोले शिल्लक आहेत का? जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी कार्यक्रम आहे, चार किलो लागतील.

सोलेवाली | २७ मे २०२४, सायंकाळी ६:०५

आहेत, नऊ किलो आहेत. बसनं यायचं असेल तर सकाळीच या, पिशव्या कागदात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात देते, दुपारपर्यंत सुटत नाहीत. डबा मात्र परत पाठवा.

रातराणी | २७ मे २०२४, सायंकाळी ६:१०

पाठवते ताई. आणि रात्री फ्रीजर बंद करणं मी सोडलं.